खोड म्हणण्याआधी दुखणे तपासा : घरातल्या कुत्र्या-मांजरांच्या नेहमीच्या तक्रारी

बोका गादीवर लघवी करू लागला, की बहुतेक घरांत त्याचे कारण आधीच ठरलेले असते. आपण गावाला गेलो म्हणून तो रुसला आहे, घरात आलेल्या बाळाचा त्याला राग आला आहे, किंवा तो मुळातच हट्टी आहे. वास्तविक मांजर सूड म्हणून गादी खराब करीत नाही. लघवी करताना जळजळ होत असेल, तर ते त्या वेदनेचा संबंध लिटरच्या (शी-शूसाठी वाळूसारखा थर घातलेल्या) पेटीशी जोडते आणि मऊ, कोरडी, वेगळी जागा शोधू लागते. पाळीव प्राण्यांच्या ज्या वागण्याला आपण खोड म्हणतो, त्यातील बरेचसे वागणे असे एखाद्या दुखण्यातून आलेले असते. उलट खरे आजारही ताप किंवा उलटी होण्याआधी वागण्यातल्या बदलातून दिसू लागतात. म्हणून या लेखात ‘आरोग्य’ आणि ‘वर्तन’ असे दोन कप्पे केलेले नाहीत.

निरोगी असतानाच मोजून ठेवावे

जनावर आजारी आहे हे ओळखण्यासाठी ते निरोगी असताना कसे असते हे ठाऊक असावे लागते, आणि नेमकी हीच गोष्ट आपल्याकडे फारसे कोणी टिपून ठेवत नाही. एक साधी वही करावी आणि महिन्यातून एकदा तीत चार-पाच नोंदी कराव्यात. पहिली नोंद वजनाची. प्राण्याला उचलून काट्यावर उभे राहावे आणि त्यातून आपले वजन वजा करावे. चार किलोच्या मांजराचे ४०० ग्रॅम कमी झाले, तर ते साठ किलोच्या माणसाने सहा किलो गमावल्यासारखे आहे. दाट केसांमुळे डोळ्यांना मात्र काहीच कळत नाही. दुसरी नोंद झोपेतल्या श्वासाची. प्राणी गाढ झोपलेला असताना छाती किती वेळा वर येते ते पूर्ण एक मिनिट मोजावे. निरोगी कुत्र्याचा किंवा मांजराचा हा आकडा सहसा ३० च्या आत असतो. तो सलग दोन-तीन दिवस त्यापेक्षा जास्त येत असेल, तर हृदय आणि फुप्फुसे तपासून घ्यावीत.

पाणी किती प्यायले जाते हे मापाने पाहावे. दिवसभरात कुत्रा दर किलो वजनामागे १०० मिलिलिटरपेक्षा किंवा मांजर ५० मिलिलिटरपेक्षा अधिक पाणी पीत असेल, तर मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा तत्सम आजाराची शक्यता असते. नसबंदीची शस्त्रक्रिया न झालेली कुत्री माजावर येऊन गेल्यानंतर महिना-दोन महिन्यांत अचानक खूप पाणी पिऊ लागली, मलूल झाली आणि खाणे सोडू लागली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. बाहेरून स्राव दिसला नाही म्हणजे धोका नाही असे समजू नये. तोंड बंद असलेल्या गर्भाशयात पू साठून राहतो आणि तोच प्रकार अधिक घातक असतो.

ताप पाहण्याची रीतही शिकून घ्यावी. नाक कोरडे म्हणजे ताप ही समजूत चुकीची आहे. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला थोडे व्हॅसलीन लावून ते गुदद्वारात हलकेच सरकवावे. कुत्र्या-मांजरांचे नेहमीचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. म्हणजे आपल्याला ज्या आकड्यावर ताप वाटतो, तो त्यांचा रोजचा आकडा आहे. हिरड्या गुलाबी असाव्यात आणि बोटाने दाबून सोडल्यावर रंग दोन सेकंदांच्या आत परत यावा. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात. त्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी. हिरड्या पांढऱ्याफटक, निळसर, तपकिरी किंवा पिवळ्या दिसणे, मांजराने तोंड उघडून धापा टाकणे, पोट फुगून वारंवार कोरड्या ओकाऱ्या येणे, झटके येणे आणि लघवी अडकणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळ होण्याची वाट पाहू नये.

मांजर, लघवी आणि गादी

बोक्याची लघवी अडकणे ही मांजर पाळणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असावी अशी गोष्ट आहे. बोक्याची मूत्रनलिका टोकाशी फार अरुंद असते, आणि खडे, चिकट गुठळी किंवा नलिकेचे आकुंचन यांमुळे ती बंद होऊ शकते. बोका वारंवार पेटीत जातो, कुंथतो, ओरडतो, मागचा भाग चाटत राहतो, पण पेटीत थेंबही नसतो. घरच्यांना वाटते की त्याला बद्धकोष्ठता झाली आहे, आणि मग एरंडेल किंवा तूप पाजण्यात एक दिवस जातो. हा दिवस परवडणारा नसतो. रक्तात पोटॅशियम वाढत जाऊन एक ते तीन दिवसांत हृदय बंद पडू शकते. पोटाला हात लावल्यास लिंबाएवढा किंवा संत्र्याएवढा कठीण गोळा लागतो; तो दाबून लघवी काढण्याचा प्रयत्न मुळीच करू नये, कारण मूत्राशय फुटण्याची भीती असते. भाटीची नलिका रुंद असल्यामुळे तिच्यात असा अडथळा क्वचितच होतो, पण जळजळीचा त्रास तिलाही होतो.

अडथळा नाही, मात्र लघवी थोडी थोडी, जागोजागी आणि कधी रक्ताळलेली होते, असे असेल तर लघवीची तपासणी करून घ्यावी. तरुण आणि मध्यम वयाच्या मांजरांमध्ये बहुतेक वेळा जंतुसंसर्ग सापडतच नाही. मूत्राशयाचा हा दाह मानसिक ताणाशी जोडलेला असतो आणि त्यावर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. हा ताण आपल्याला क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींतून येतो. घराला रंग काढला, कपाट हलवले, गणपतीत आठ दिवस पाहुणे राहिले, खिडकीबाहेर दुसरा बोका येऊन बसू लागला, एवढे मांजराला पुरते. अशा मांजराला लपण्यासाठी उंचावर एक जागा, ओलसर अन्न, दोन-तीन ठिकाणी ठेवलेली पाण्याची पसरट भांडी आणि खाण्याच्या ठरलेल्या वेळा एवढे दिले, तरी त्रास पुष्कळ कमी होतो.

तपासणीत काहीच निघाले नाही, तर मग पेटीकडे वळावे. घरात जितकी मांजरे असतील त्याहून एक पेटी अधिक असावी. ती मांजराच्या लांबीच्या दीडपट तरी असावी, धुलाई यंत्राच्या आवाजापासून आणि जेवणाच्या ताटलीपासून दूर असावी, आणि दिवसातून दोनदा साफ व्हावी. सुगंधी लिटर हे माणसाच्या नाकासाठी बनवलेले असते, मांजराला ते आवडेलच असे नाही. पेटी फिनेलने कधीही धुऊ नये. त्यातले फिनॉल-वर्गातले पदार्थ पचवून बाहेर टाकण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फारच कमी असते, आणि पंजाला लागलेले फिनेल ते चाटून पोटात घेते. साधा धुण्याचा साबण आणि गरम पाणी पुरेसे आहे. गादीवरचा वास घालवण्यासाठी वितंचक (एन्झाइम) असलेला क्लीनर वापरावा, अमोनिया असलेला नव्हे, कारण लघवीलाही तसाच वास असतो आणि मांजराला ती जागा पुन्हा आपलीच वाटते.

उभ्याने, शेपूट ताठ करून थरथरवत, भिंतीवर किंवा पडद्यावर मारलेली थोडीशी पिचकारी हा प्रकार वेगळा आहे. तो हद्दीच्या खुणेचा भाग असतो, आणि खच्चीकरणाची शस्त्रक्रिया केल्यावर बहुतेक बोक्यांमध्ये थांबतो.

सोफा ओरबाडणे ही मात्र खोडही नाही आणि आजारही नाही. मांजर नखांचे जुने आवरण काढते, अंग ताणते आणि पंजातल्या ग्रंथींचा वास तेथे सोडते. काथ्याची दोरी घट्ट गुंडाळलेला, मांजर पूर्ण ताणून उभे राहील एवढ्या उंचीचा आणि न हलणारा एक खांब सोफ्याच्या अगदी शेजारी ठेवावा. माळ्यावर किंवा गॅलरीच्या कोपऱ्यात ठेवलेला खांब कोणतेही मांजर वापरत नाही. गॅलरीचा विषय निघालाच आहे, तर मांजर कधी पडत नाही हा भ्रमही सोडावा आणि फ्लॅटच्या खिडक्यांना जाळी बसवून घ्यावी.

गुरगुरणारा कुत्रा

आमच्या जुन्या कुत्र्याबद्दल ‘म्हातारपणी तिरसट झाला’ असे आम्ही कित्येक महिने म्हणत होतो. डोक्यावरून हात फिरवायला गेले की तो गुरगुरत असे. शेवटी त्याच्या वरच्या दाढेच्या मुळाशी पू झाल्याचे निघाले, दाढ काढली, आणि पंधरवड्यात तो पुन्हा पूर्वीसारखा वागू लागला. तेव्हापासून जो कुत्रा पूर्वी कधी गुरगुरत नव्हता आणि आता गुरगुरतो, त्याचे कान, दात, मणका आणि मागचे सांधे आधी तपासून घ्यावेत, असे मी प्रत्येकाला सांगतो. लॅब्राडॉर आणि कॉकर स्पॅनियल यांच्या लोंबत्या कानांत पावसाळी दमट हवेत बुरशीचा संसर्ग सहज होतो. कानाला आंबूस वास येणे, तपकिरी मळ दिसणे आणि डोके सतत झटकणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा कानात कापसाची काडी खोल घालू नये आणि घरातले खोबरेल तेलही ओतू नये. पडदा फाटलेला असल्यास त्याने त्रास वाढतो.

गुरगुरण्यावर मात्र कधीही शिक्षा करू नये. गुरगुरणे ही कुत्र्याने दिलेली सूचना आहे. ती दिल्याबद्दल मार मिळाला, तर कुत्रा सूचना देणे सोडतो आणि पुढच्या वेळी थेट चावतो. ‘काहीच कारण नसताना चावला’ अशी तक्रार जिथे येते, तिथे बहुधा आधीच्या सूचना कोणी वाचलेल्या नसतात किंवा त्या दडपून टाकलेल्या असतात. ताटलीजवळ गुरगुरणाऱ्या कुत्र्याच्या तोंडातून अन्न काढून ‘मालक कोण’ हे दाखवण्याची जुनी पद्धत तर सर्वस्वी घातक आहे. त्याऐवजी लांबूनच जाता जाता ताटलीत अधिक चांगला घास टाकत जावा, म्हणजे माणूस जवळ आला की काही जात नाही, उलट येते, हे त्याच्या मनात बसते. लहान मुलांना खाणाऱ्या आणि झोपलेल्या कुत्र्याजवळ एकटे सोडू नये, तो कितीही गरीब असला तरी.

म्हाताऱ्या कुत्र्यांचा आणखी एक त्रास आपल्या घरांनीच निर्माण केला आहे. गुळगुळीत टाइल्सवर सांधे दुखणाऱ्या कुत्र्याचे पाय घसरतात, म्हणून तो उठायचे टाळतो, आणि उठवायला गेले की चिडतो. जिथून तो रोज ये-जा करतो त्या वाटेवर सतरंज्या किंवा रबरी चटया अंथराव्यात आणि वजन कमी करावे. रात्री निरर्थक फेऱ्या मारणे, कोपऱ्यात जाऊन अडकणे, घरातच शी-शू करणे ही मेंदूच्या वार्धक्याचीही लक्षणे असू शकतात, आणि त्यावर काही प्रमाणात उपचार आहेत.

गोचीड

महाराष्ट्रात कुत्र्यांच्या दवाखान्यांत पावसाळाभर आणि त्यानंतरही सर्वाधिक दिसणारे दुखणे म्हणजे गोचीड ताप. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड चावताना एर्लिकिया, बॅबेसिया यांसारखे रक्तातले जंतू सोडते. सुरुवातीला कुत्रा थोडा मंदावतो, जिना चढायला कंटाळतो, आवडीचे खाणे हुंगून सोडून देतो, आणि घरचे म्हणतात की हवा बदलली आहे. पुढे ताप येतो, हिरड्या फिकट पडतात, पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके उमटतात, कधी नाकातून रक्त येते, तर कधी लघवी चहा-कॉफीच्या रंगाची होते. अंगावर आज एकही गोचीड दिसत नाही याचा अर्थ गोचीड ताप नाही असा होत नाही, कारण चावा दोन-तीन आठवड्यांपूर्वीचाही असू शकतो.

रक्ततपासणीत प्लेटलेट कमी निघणे हा महत्त्वाचा दुवा असतो. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सहसा २८ दिवस द्यावे लागते. चौथ्या दिवशी कुत्रा उड्या मारू लागला म्हणून औषध थांबवले, तर आजार लपून राहतो आणि काही महिन्यांनी अस्थिमज्जेवर घाला घालतो. बॅबेसियाचे औषध वेगळे आहे. म्हणून शेजाऱ्यांच्या कुत्र्याला लागू पडलेल्या गोळ्या आपल्या कुत्र्याला देऊ नयेत.

गोचीड काढताना चिमट्याने तिला कातडीच्या अगदी लगत धरावे आणि सरळ, सावकाश ओढावे. रॉकेल ओतणे, काडी पेटवून चटका देणे हे प्रकार करू नयेत, त्यामुळे गोचीड आपल्या पोटातले अधिकच जखमेत सोडते. ती नखाने चिरडू नये, साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाकावी. काढून झाल्यावर कान, बोटांच्या बेचक्या, बगला आणि पट्ट्याखालची जागा पुन्हा पाहावी.

खरे युद्ध मात्र कुत्र्याच्या अंगावर नसते, ते भिंतीत असते. रक्त पिऊन टम्म झालेली मादी कुत्र्यावरून उतरते, भिंत चढते आणि फटीत, चौकटीमागे किंवा छताच्या कोपऱ्यात हजारो अंडी घालते. म्हणून कुत्र्याला औषध देऊनही गोचिडी ‘पुन्हा कुठून आल्या’ असा प्रश्न पडतो. भेगा बुजवाव्यात, कुत्र्याचे अंथरूण गरम पाण्यात धुवावे, घराची फवारणी तज्ज्ञाकडून करून घ्यावी आणि कुत्र्याला वर्षभर खंड न पाडता प्रतिबंधक औषध द्यावे. हल्ली महिन्यातून एकदा किंवा बारा आठवड्यांतून एकदा द्यायच्या गोळ्या मिळतात. त्या महाग आहेत, पण गोचीड तापाच्या एका आजारपणापेक्षा स्वस्त पडतात. कुत्र्याला पूर्वी झटके आले असतील, तर गोळी सुरू करण्याआधी ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. गोठ्यातले गोचिडाचे औषध अंदाजाने पाण्यात मिसळून कुत्र्याला त्याने आंघोळ घालण्याची पद्धत गावाकडे अजून आहे. त्यातून विषबाधा होते. आणि कुत्र्याच्या मानेवर टाकायचे परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेले थेंब मांजराला कधीही लावू नयेत. मांजराला त्याने कंप आणि झटके येऊन मृत्यूही येतो.

औषधांचा डबा आणि स्वयंपाकघर

घरातली तापाची गोळी हे मांजराचे विष आहे. पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरेशी आहे. फिनेलबद्दल सांगितलेली यकृताची तीच मर्यादा येथेही नडते. रक्त प्राणवायू वाहू शकत नाही, हिरड्या तपकिरी होतात, तोंड आणि पंजे सुजतात. कुत्र्यालाही ती परस्पर देऊ नये. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक या वेदनाशामकांनी कुत्र्याच्या आतड्याला व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होतात.

स्वयंपाकघरातला मोठा शत्रू कांदा-लसूण आहे, आणि तो आपल्या प्रत्येक रश्शात असतो. शिजवल्याने त्याचा दोष जात नाही. तांबड्या पेशी फुटतात आणि तीन-चार दिवसांनी जनावर फिके, धापा टाकणारे दिसते. तोवर रविवारच्या रश्शाची आठवण कोणालाही राहिलेली नसते. द्राक्षे, मनुका आणि बेदाणे कुत्र्यांची मूत्रपिंडे बिघडवू शकतात. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेही त्यात आले. चॉकलेट, झायलिटॉल असलेले शुगर-फ्री च्युइंगम आणि शिजवलेली कोंबडीची हाडे दूर ठेवावीत. घरात मांजर असल्यास लिलीची फुले आणू नयेत, फुलदाणीतले पाणीसुद्धा त्याला बाधते. काही खाल्ल्याचे कळताच वेष्टन सोबत घेऊन निघावे. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये.

दूध-पोळीवर मांजर वाढवणे हा प्रेमाचा गैरसमज आहे. मांजर निखळ मांसाहारी आहे. त्याला लागणारे टॉरिन हे अमिनो आम्ल शाकाहारात मिळत नाही, आणि त्याच्या अभावी हृदय आणि दृष्टी दोन्ही जातात. शाकाहारी कुटुंबांनी याचा विचार मांजर आणण्याआधीच करावा, हे मी स्पष्टपणे सांगेन. कुत्र्याची पचनशक्ती अधिक लवचीक आहे, पण वाढत्या पिल्लाला केवळ चिकन-भात घातल्यास कॅल्शियम कमी पडून पाय वाकतात. लठ्ठ मांजराने दोन दिवस काहीच खाल्ले नाही, तर ‘भूक लागली की खाईल’ असे म्हणून थांबू नये, कारण उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठून ते निकामी होऊ लागते.

पिल्लू घरी आल्यावर

सहा आठवडे ते सहा महिने या वयातल्या पिल्लाला उलट्या आणि उग्र वासाचे रक्ताळ जुलाब सुरू झाले, तर पार्व्हो (आतड्यांचा विषाणूजन्य आजार) समजूनच धावावे. लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, निदान सोळा आठवड्यांचे होईपर्यंत द्यायची असते. एकच डोस देऊन ‘लस झाली’ असे मानणाऱ्यांची पिल्ले याच आजाराने जातात. हा विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो, म्हणून ज्या घरात पार्व्होने पिल्लू गेले तिथे लगेच दुसरे आणू नये. लस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर सोडू नये, मात्र कोंडूनही ठेवू नये. पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत जे पाहिले-ऐकले नाही त्याची भीती जन्मभर राहू शकते. म्हणून कडेवर घेऊन रिक्षा, शाळेची मुले, ढोल आणि भाजीबाजार दाखवावा. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दात बदलताना ते चावे घेतेच, तेव्हा हात मागे घ्यावा, खेळ थांबवावा आणि चघळायला दुसरे काही द्यावे.

एकटेपणा आणि फटाके

दार बंद होताच कुत्रा रडतो, उंबरठा उकरतो, आणि सोसायटीच्या वॉट्सअॅप गटावर तक्रार येते. तो कंटाळला आहे की घाबरला आहे, हे आधी ठरवावे, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. जुना फोन चित्रण चालू करून ठेवून जावे. घाबरलेला कुत्रा पहिल्या अर्ध्या तासातच दाराशी धापा टाकतो, लाळ गाळतो, ठेवलेल्या खाऊलाही तोंड लावत नाही. कंटाळलेला कुत्रा आधी खाऊ संपवतो, झोप काढतो आणि मग चपलांकडे वळतो. कंटाळ्यावर सकाळचा भरपूर फेरफटका पुरतो, आणि त्यात हुंगायला वेळ द्यावा. भीतीवर मात्र काही सेकंदांपासून सुरुवात करावी लागते. किल्ली उचलून पुन्हा ठेवावी, दार उघडून परत यावे, दहा सेकंद बाहेर थांबावे, आणि तो शांत राहील एवढाच काळ हळूहळू वाढवावा. यात आठवडे जातात. परत आल्यावर फाडलेल्या उशीबद्दल ओरडणे व्यर्थ आहे. तो जे ‘अपराधी’ तोंड करतो ते आपल्या आवाजाला घाबरून.

माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५ आणि मांजराला ६० च्याही पुढे. दिवाळीत घरातली आतली खोली निवडावी, पडदे ओढावेत, पंखा आणि दूरदर्शन चालू ठेवावे. जवळ घेतल्याने भीती ‘लाडावते’ हा समज खरा नाही, त्याला हवे असेल तर जवळ घ्यावे. फार घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांकडून औषध ठरवून घ्यावे, आणि त्याची मात्रा एकदा आधीच देऊन पाहावी. गळ्यात फोन क्रमांकाची पट्टी असावी, कारण कुत्रे याच दिवसांत पळून हरवतात.

चावा

आपल्या लसीकरण झालेल्या कुत्र्याने किंवा मांजराने जरी दात लावला, रक्त काढले किंवा ओरखडले, तरी जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, मिरची, चुना लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. पोटातल्या चौदा इंजेक्शनांचा काळ मागे पडला आहे. आता दंडात, त्वचेत ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी किंवा स्नायूत ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी लस देतात. जखम रक्त येण्याइतकी असेल, तर त्याच्या जोडीला जखमेत तयार प्रतिपिंडेही द्यावी लागतात. प्राण्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे, पण ते दहा दिवस लस सुरू न करता वाट पाहण्यासाठी नसतात. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो.

पिसाळलेला कुत्रा म्हणजे धावून येणारा, एवढेच चित्र आपल्या डोक्यात असते. रेबीजच्या मुक्या प्रकारात कुत्रा कोपऱ्यात बसतो, त्याचा आवाज बदलतो, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते आणि गिळता येत नाही. घरच्यांना वाटते घशात हाड अडकले आहे, म्हणून ते तोंडात हात घालतात. असे दिसल्यास कुत्र्याला वेगळे बंद करावे, हात लावू नये आणि पशुवैद्यकांना बोलवावे.

दवाखान्यात जाताना

मुंबईत परळचे ‘बैलघोडा’ रुग्णालय, जिल्ह्याच्या ठिकाणची पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालये, पशुवैद्यक महाविद्यालयांचे दवाखाने आणि आपल्या भागातले खासगी डॉक्टर, यांतले रात्री कोण उघडे असते हे गरज नसतानाच विचारून ठेवावे. जनावर दवाखान्यात घाबरून लंगडायचे किंवा खोकायचे थांबते, म्हणून घरीच त्याचे चित्रण करून न्यावे. नोंदींची वही सोबत न्यावी. शेवटचे काय व कधी खाल्ले, शी-शू कधी झाली, गोचीड आणि जंतांचे औषध कधी दिले, आणि घरात कोणी परस्पर काही गोळी दिली का, हे खरे सांगावे. शेवटचा प्रश्न आला की घरातली एक व्यक्ती हमखास खाली पाहू लागते, असे डॉक्टर सांगतात.

मांजराला नेणे हा स्वतंत्र उद्योग आहे. प्रवासाची पेटी फक्त इंजेक्शनच्या दिवशी माळ्यावरून खाली आली, तर मांजर तिला पाहताच पलंगाखाली शिरते आणि मग जाणेच रद्द होते. म्हणून पेटी दार उघडे ठेवून बैठकीच्या खोलीतच ठेवावी, आत जुनी सुती साडी अंथरावी आणि अधूनमधून खाऊ आतच द्यावा. जाताना पेटीवर पंचा टाकावा, म्हणजे बाहेरची कुत्री दिसत नाहीत. दोन मांजरे असतील, तर परत आलेल्याच्या अंगाला दवाखान्याचा वास असतो, आणि घरातले दुसरे मांजर त्याला परका समजून अंगावर धावते. परत आलेल्याला काही तास वेगळ्या खोलीत, त्याच साडीवर झोपू द्यावे आणि त्याने अंग चाटून स्वच्छ केल्यावरच दार उघडावे.